तलाकचा हक्क सोडणारा नवरा

मुंबईच्या कौन्सिल हॉलवर १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा गेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व रद्द करा, ही त्यांची मागणी. सात ही संख्या आज किरकोळ वाटेल. त्या काळी सात जणींना घराबाहेर काढणे हेच मोठे धाडस होते. मोर्चामागे हमीद दलवाई होते आणि मोर्चात त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा.

चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ साली जन्मलेले दलवाई राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढले. त्यांची भाषा मराठी, मेहरुन्निसा पुण्याच्या उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. १९५६ मध्ये त्यांचा निकाह झाला आणि महिन्याभरातच दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा नोंदणी केली. या एका सहीने नवऱ्याचा तोंडी तलाकचा आणि दुसऱ्या लग्नाचा हक्क संपला. समाजाला जे पुढे सांगायचे होते, त्याची सुरुवात दलवाईंनी अशी स्वतःच्या संसारापासून केली. मेहरुन्निसांनी मराठी आत्मसात केली आणि खादी ग्रामोद्योगातील नोकरीवर घर सांभाळले. ‘इंधन’सारखी कादंबरी लिहिणारा हा लेखक चळवळीत झोकून देऊ शकला, याचे निम्मे श्रेय त्या पगाराला द्यावे लागेल.

पुण्यात २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. सभा उधळल्या गेल्या, बहिष्काराची भाषा झाली. मराठवाड्यातून मात्र नांदेडचे नरहर कुरुंदकर ठामपणे पाठीशी राहिले. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, आणि अकाली जाण्याचे दुर्दैवही दोघांच्या वाट्याला सारखेच आले.

ऐन भरात मूत्रपिंडांनी दगा दिला. देशातले पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण वेल्लोरला १९७१ साली झाले होते. उपचाराची ही वाट अजून नवी होती, आणि खर्चिक तर होतीच. आजारपणात शरद पवार यांनी दलवाईंना आपल्या मुंबईतील निवासस्थानी ठेवून घेतले. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. कोणताही धार्मिक विधी न करता दहन करावे, ही त्यांची इच्छा होती. ती पाळली गेली आणि त्यावरून उठलेला रोष मेहरुन्निसांना सोसावा लागला.

त्या मागे हटल्या नाहीत. शाहबानो प्रकरण गाजत असताना, १९८५ साली, मंडळाचा तलाक मुक्ती मोर्चा कोल्हापूरहून नागपूरकडे निघाला, तेव्हाही त्या चळवळीतच होत्या. पतीसोबतच्या सहजीवनाची कहाणी त्यांनी ‘मी भरून पावले आहे’ या आत्मकथनात सांगितली आहे. जून २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. सर्वोच्च न्यायालयाने एकाच वेळी दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो त्याच वर्षी २२ ऑगस्टला.