पठ्ठे बापूराव : लावणीची संहिता आणि नर्तकीची पावले

मराठी लावणीच्या इतिहासात पठ्ठे बापूरावांचे स्थान बहुधा दोन प्रकारे निश्चित केले जाते. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम या शाहिरांच्या परंपरेचा अखेरचा मोठा वारस म्हणून, अथवा कुलकर्णीपण सोडून तमाशात गेलेला ब्राह्मण म्हणून. पहिल्या पद्धतीत त्यांची रचना निव्वळ वाङ्मय ठरते, तर दुसरीत त्यांचे आयुष्य निव्वळ किस्सा होऊन बसते. ज्या नृत्यासाठी ही रचना झाली ते नृत्य मात्र दोन्हीकडे बाजूस पडते.

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे बापूरावांचे मूळ नाव. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी ११ नोव्हेंबर १८६६ रोजी त्यांचा जन्म झाला. हा तालुका त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. आज तो सांगली जिल्ह्यात आहे. घराणे ब्राह्मणाचे, गावचे कुलकर्णीपण असलेले. शालेय शिक्षण फार झाले नाही. दप्तर सांभाळून त्यांना सुखाने आयुष्य काढता आले असते; पण जात्यावरच्या ओव्या आणि गावच्या फडातली ढोलकी यांनी त्यांना ओढून नेले. प्रथम इतरांसाठी कवने रचून देणे, मग फडाबरोबर हिंडणे, आणि शेवटी घरदार व जात यांवर पाणी सोडून स्वतःचा फड उभारणे, असा हा प्रवास झाला. त्यांनी धारण केलेले नावही या दृष्टीने बोलके आहे. पठ्ठा हा तालमीतला शब्द, वस्तादाच्या हाताखाली तयार झालेल्या मल्लाचा. कुलकर्ण्याच्या मुलाने हा शब्द आपल्या नावामागे लावावा, यात पूर्वायुष्याशी घेतलेली फारकत दिसते.

त्यांचा तमाशा गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग या क्रमाने रंगत असे. वग हा प्रकार उमा बाबू सावळजकरांच्या ‘मोहना-बटाव’पासून रूढ झाला, असे सामान्यतः मानले जाते. बापूरावांचा ‘मिठाराणी’चा वग विशेष गाजला. तथापि त्यांची खरी हुकमत गौळण आणि लावणी या नृत्यप्रधान अंगांवर होती. मुंबईचे वर्णन करणारी त्यांची लावणी आजही सर्वांस ठाऊक आहे. घाटावरून पोटासाठी गिरणगावात आलेल्या प्रेक्षकाला आपले नवे शहर त्या लावणीत दिसले. पण ती मुख्यतः ऐकण्याची लावणी आहे. तिच्यावरून बापूरावांच्या शृंगारिक लावणीची पारख करता येणार नाही.

ही शृंगारिक लावणी छापील पानावर वाचली असता काही वेळा विस्कळीत वाटते. ध्रुपद वाजवीपेक्षा अधिक वेळा येते, ओळीच्या अखेरीस अर्थहीन पादपूरके लोंबतात, मध्येच एखादा चरण तोकडा पडतो. परंतु हे दोष कवीचे नव्हेत, कागदाचे आहेत. आठ मात्रांच्या पद्मावर्तनी साच्यात बांधलेली ओळ सम गाठते, सुरते ती झेलून वर उचलतात, ढोलकीवाला तोडा घेतो आणि तेवढ्या अवकाशात नर्तकीच्या पावलांना व अदेला वाव मिळतो. पानावर जी पुनरुक्ती दिसते ती फडात नाचाची जागा असते. ध्रुपद तिसऱ्यांदा येते तेव्हा शब्द तेच राहतात. पण नजर बदललेली असते, पदर वेगळा धरलेला असतो, आणि म्हणून अर्थही वेगळा होतो. बापूरावांची रचना अशा जागा जाणीवपूर्वक राखून ठेवते.

या जागा भरणारी कलावती म्हणजे संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळाबाई. बैठकीची लावणी गाणाऱ्या कलावंतिणी पूर्वीपासून होत्या. ढोलकीच्या फडावर मात्र स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. फडावर उभी राहून नाचणारी पहिली स्त्री हा मान परंपरेने पवळाबाईंना दिला जातो. त्यांच्या रूपाची आख्याने पुष्कळ झाली. त्यांच्या गळ्याविषयी आणि पदन्यासाविषयी मात्र अभ्यासकांनी फारसे लिहिले नाही. ही उणीव केवळ साधनांच्या अभावाची नाही. पवळाबाई महार समाजातील होत्या. त्यांचे बापूरावांशी असलेले नाते दोन्हीकडच्या समाजांना रुचणारे नव्हते. बापूरावांनी ते झाकले नाही. आपले ब्राह्मण्य आणि पवळाबाईंची जात यांचा निर्देश त्यांनी कवनातून उघडपणे केला. त्या काळात हे धाडस लहान नव्हते. तरीही अशा कवनात पवळाबाई वर्ण्यविषय म्हणून येतात, निर्मितीतील भागीदार म्हणून येत नाहीत. शाहिरी प्रघातानुसार शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा येते. म्हणजे रोज रात्री फडात बापूरावांचे नाव गाजत राही, आणि ज्यांच्या नाचाने ती लावणी उभी राहिली त्यांच्या नावासाठी संहितेत अशी हक्काची जागा नसे.

बापूरावांनी दोन लाख लावण्या रचल्या, असे सांगितले जाते. पन्नास वर्षांचा हिशेब केला तरी दिवसाला जवळजवळ अकरा लावण्या होतात, तेव्हा हा आकडा अक्षरशः घेण्याचे कारण नाही. मात्र त्यामागे एक वस्तुस्थिती आहे. फडाची लावणी टिकविण्यासाठी रचली जात नसे. आजच्या नाचासाठी आज बांधायची, उद्या समोरचा प्रेक्षक पाहून तिच्यात फेरफार करायचा, अशी ती रीत होती. त्या प्रचंड राशीतील थोडाच भाग आज हाती आहे, आणि जो आहे त्याची एकच प्रमाण संहिता ठरविण्याचा आग्रह या रीतीशी विसंगत आहे.

पुढे दोघांत दुरावा आला आणि पवळाबाई दूर झाल्या. त्यानंतर बापूरावांच्या फडाची घडी विसकटत गेली. या उतरणीचा दोष चरित्रकार कधी व्यवहारशून्यतेला, कधी बदलत्या रुचीला, कधी बोलपटांच्या आगमनाला देतात. त्या साऱ्यांत तथ्य असेल; पण जी रचना एका विशिष्ट नर्तकीच्या पावलांचा अंदाज घेऊन घडत आली, ती त्या पावलांवाचून पूर्वीसारखी उभी राहणे अवघड होते, हेही कारण त्यांत धरले पाहिजे. ज्यांनी फडावर मुबलक पैसा मिळविला आणि उधळला, त्या बापूरावांची अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, राजकमलचा ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट आला. त्यात बयाची भूमिका हंसा वाडकरांनी केली, आणि फडावरची लावणी शहरी मध्यमवर्गाने चित्रपटगृहात बसून पाहिली.