चढणारं मूल आणि ताराबाई मोडक: घरातल्या छोट्या शिडीपासून अंगणवाडीपर्यंत



एरवी मी इथे फोन, ॲप आणि सर्व्हर यांच्याबद्दल लिहितो. आज ज्या वस्तूबद्दल लिहितोय तिच्यात बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, ॲप तर नाहीच. ती आहे लहान मुलांना घरात चढायला मिळणारी लाकडी शिडी. आणि तिच्या निमित्ताने एका बाईंची गोष्ट सांगायची आहे, जी मला खरं तर खूप आधी माहीत असायला हवी होती.

झालं असं, की दिवाळीत मी वाशिमला घरी गेलो. ताईची मुलगी दीड वर्षाची आहे. ती बाजेवर चढते, खुर्चीवर चढते, धान्याच्या कोठीवर चढायला बघते. आणि घरातला प्रत्येक जण दिवसभर तिला उतरवत असतो. उतरवलं की ती रडते, रडली की हातात मोबाईल. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, लगेच उपाय शोधला. ऑनलाइन एक त्रिकोणी शिडी दिसली, मुलांना घरातल्या घरात चढायला बनवलेली. किंमत काही हजारांत. ऑर्डर करायच्या आधी आईला फोटो दाखवला.

आई मालेगाव तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. तिने फोटो नीट पाहिला, वस्तू चांगली आहे म्हणाली, आणि मग विचारलं की तिच्या अंगणवाडीतल्या बावीस पोरांचं काय. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री शोधता शोधता मी ताराबाई मोडकांपर्यंत पोहोचलो. आईच्या नोकरीचं नाव ज्यांच्या कामातून आलं, त्या बाईंबद्दल मला चार वर्षं इंजिनीअरिंग करूनही काही माहीत नव्हतं.

आधी थोडं तंत्र: चढताना मुलाच्या आत काय चालू असतं?

आपल्या फोनमध्ये जायरोस्कोप आणि ॲक्सेलेरोमीटर असतात. फोन आडवा केला की त्यांना कळतं. माणसाच्या आतल्या कानात जवळपास तेच काम करणारी यंत्रणा असते. डोकं कुठे कललं, वेग कसा बदलला, हे ती मेंदूला सांगते. दुसरी माहिती स्नायू आणि सांध्यांमधून येते: हात किती वाकलाय, पायावर किती भार आहे. तिसरी डोळ्यांकडून. जमिनीवर बसलेल्या मुलाला हे तिन्ही जुळवण्याची फारशी गरज पडत नाही. शिडीवर मात्र एक हात सोडून दुसरीकडे धरायचं, उजवा हात वर नेताना डावा पाय उचलायचा, खाली न बघता पायाने दांडी शोधायची. तिन्ही सेन्सर एकाच वेळी वापरावे लागतात. शिवाय पुढची हालचाल आधी डोक्यात ठरवावी लागते. मुठीची पकड पक्की होते, खांदे आणि पोटाचे स्नायू काम करतात.

आणि पडणं? तेही त्यातच आलं. न्यूयॉर्कमधल्या संशोधक कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचा मोकळा खेळ मोजला. २०१२ साली त्यांनी आकडे मांडले: एका तासात सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. म्हणजे या वयात पडणं हा बिघाड नाही. मूल पडतं, अंदाज सुधारतं, पुन्हा करतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये १ ते २ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे, आणि एक वर्षाच्या मुलासाठी बसून स्क्रीन बघणं शून्य. आमच्या घरी याच्या बरोबर उलटं चाललं होतं.

आता ताराबाईंकडे वळूया.

अमरावतीतलं घर

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचं आडनाव केळकर. आईवडील प्रार्थना समाजाच्या विचारांचे, आणि आईचा तो पुनर्विवाह होता. त्या काळात एवढ्या एका गोष्टीवरून समाज घराकडे पाठ फिरवायचा. अशा घरात वाढलेली ही मुलगी १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. तेव्हा पदवीधर बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

लग्न होऊन त्या आल्या आमच्याकडे वऱ्हाडात, अमरावतीला. नवरा वकील. आमचं वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा १९९८ मध्ये झाला. पण अमरावती हे आजही आमच्या विभागाचं ठिकाण आहे, त्यामुळे हे वाचताना मला ते घर फार लांबचं वाटलं नाही. संसार मात्र टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. वय एकोणतीस, बरोबर लहान मुलगी. मी आज साधारण त्याच वयाचा आहे. नोकरी बदलायची म्हटलं तरी मला दोन महिने झोप लागत नाही.

त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा होती, पगार होता. पण लहान मुलांनी शिकायचं कसं हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला होता. त्याच सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ वकिली सोडून मुलांमध्ये रमले होते. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं होतं. १९२३ मध्ये ताराबाई प्राचार्यपद सोडून तिथे दाखल झाल्या.

भावनगर: मूल हललं तर शिकतं

गिजुभाई आणि ताराबाईंवर मोठा प्रभाव होता मारिया माँटेसरी यांचा. माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लहान मुलाचं शरीर आणि मन वेगळं काढता येत नाही. हात काम करतात तेव्हा बुद्धी घडते. त्यांच्या व्यायामाच्या साहित्यात छोट्या पायऱ्या, दोराची शिडी आणि मुलांनी धरून सरकायचं छोटं कुंपणही होतं. म्हणजे आज ऑनलाइन विकली जाणारी चढायची खेळणी ही कल्पना म्हणून शंभर वर्षांहून जुनी आहेत.

आपल्याकडे तेव्हा शाळा म्हणजे मांडी घालून, हाताची घडी घालून बसायचं. हललं की छडी. बालमंदिरात मुलं फिरायची, बागेत काम करायची, गाणी म्हणायची, गोष्टी ऐकायची, हाताने वस्तू हाताळायची. मार आणि भीती यांना तिथे जागा नव्हती. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि त्याच्या कामाचा भार ताराबाईंनी उचलला. शिक्षणपत्रिकेतून त्यांनी पालकांसाठी लिहिलं. साध्या भाषेत, घरातल्या उदाहरणांसह. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या एक्सप्लेनर लिहीत होत्या.

भावनगरनंतर त्या मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. काम नावारूपाला आलं. पण इथेच ती अडचण होती, जी आईने मला एका प्रश्नात दाखवली. माँटेसरीचं साहित्य महाग होतं. बालशिक्षण ही पांढरपेशा घरांची चैन होऊन बसत होती. ज्यांच्याकडे पैसे, त्यांच्या मुलांचा विकास. मग बाकीच्यांनी काय करायचं?

बोर्डी: मुलं येत नव्हती, म्हणून शाळा गेली

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई दादर सोडून बोर्डीला गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. सोबतीला आल्या अनुताई वाघ, लहानपणीच विधवा झालेल्या, शिकून शिक्षिका बनलेल्या. पुढची अठ्ठावीस वर्षं ही जोडी एकत्र राहिली.

गावात बालवाडी निघाली, पण पाड्यांवरच्या आदिवासी घरांमधली मुलं येईनात. कारणं साधी होती. आईबाप मजुरीला जायचे, थोडी मोठी मुलं गुरं राखायची आणि धाकटी भावंडं सांभाळायची. चार वर्षांच्या मुलाला पाड्यावरून बालवाडीत आणणार कोण?

आमच्या क्षेत्रात एक नियम आहे. डेटा खूप मोठा असेल आणि हलवता येत नसेल, तर तो सर्व्हरपर्यंत ओढत आणू नका, प्रोग्रामच डेटाजवळ न्या. ताराबाईंनी तेच केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी पाड्यावर न्यायची. कुणाच्या तरी घरापुढचं अंगण झाडायचं, मुलांचे हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी.

साहित्याचा प्रश्नही तिथेच सुटला. विकतच्या महागड्या वस्तूंऐवजी बिया, शिंपले, खडे, पानं, माती, बांबू. मोजायचं तर चिंचोके, वर्गवारी करायची तर पानं. मूळ तत्त्व तेच ठेवलं, फक्त साहित्य गावातलं घेतलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तिला नाव दिलं विकासवाडी. मोठी बहीण शाळेत यावी असं वाटत असेल, तर तिच्या कडेवरच्या बाळालाही जागा हवी, हे त्यामागचं साधं गणित.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. देशभर पोहोचलेलं ते नाव ताराबाईंना ऐकायला मिळालं नाही. अनुताईंनी मात्र १९९२ पर्यंत कोसबाडचं काम चालू ठेवलं.

मग शिडी घ्यायची का?

घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे बनवून घ्या. आज मिळणाऱ्या त्रिकोणी शिडीला हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांचं नाव आहे. त्यांचं एक तत्त्व लक्षात ठेवण्यासारखं आहे: जिथे मूल स्वतःहून पोहोचू शकत नाही, तिथे त्याला उचलून ठेवू नका. स्वतः चढलेल्या मुलाला उतरायचा रस्ताही शोधता येतो. आपण वर ठेवलेलं मूल तिथे अडकतं.

बाकी काळजी अशी:

विकत घेत असाल तर आयएसआय चिन्ह बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. घरातल्या घसरगुंड्या, झोके आणि चढायची खेळणी यांच्यासाठी आयएस ९८७३ या मानकाचा चौथा भाग आहे.

दोन दांड्यांमधली मोकळी जागा ९ सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवा. ९ ते २३ सेंटीमीटरच्या फटीतून अंग निसटतं आणि डोकं अडकतं, म्हणून तो पट्टा सर्वात धोक्याचा.

दांडी मुलाच्या मुठीत मावेल एवढीच जाड हवी. कडा घासलेल्या, खिळा बाहेर नको. आधी मोठ्या माणसाने जोर देऊन बघा, शिडी डगमगता कामा नये.

खाली गादी, आजूबाजूला भिंतीचा कोपरा किंवा टेबल नको. पायात मोजे नकोत, गळ्यात दोरा किंवा ओढणी नको. आणि मोठं माणूस जवळ हवंच, पण हात लावायची घाई नको.

शिडी नसेल तरी चालेल. ओट्याच्या दोन पायऱ्या, गाद्यांचा ढीग, जमिनीलगतची बाज, हेही चढणंच आहे.

मी ऑनलाइन ऑर्डर केलीच नाही. त्याच पैशांत गावातल्या सुतारकाकांकडून दोन बुटक्या शिड्या करून घेतल्या. मोजमापं मी मोबाईलवर काढून दिली. पहिल्या शिडीत दांड्या फार लांब बसल्या होत्या, त्या काढून पुन्हा बसवल्या. एक घरी आहे, दुसरी आईच्या अंगणवाडीत. आई सांगते की तिथे सगळ्यात जास्त चढते ती एक अबोल मुलगी, जी आधी दारापाशीच बसून राहायची. ती अजून फारशी बोलत नाही. पण चौथ्या दांडीवर गेली की आईला हाक मारते, आणि आईने बघितल्याशिवाय उतरत नाही.

भाची परवा दुसऱ्या दांडीवरून गादीवर पडली. आमचे सगळ्यांचे हात एकदम पुढे झाले. आईने आम्हाला थांबवलं. पोरगी थोडं रडली, उठली आणि परत शिडीकडे गेली.

तुमच्या गावातली अंगणवाडी बघितली नसेल तर एकदा जाऊन या. जाताना टेप घेऊन जा. मोजमापं वर दिलेली आहेतच.