सेनापति बापू गोखले

आमच्या केळापूर तालुक्यांत पांढरकवड्यानजीक १७ एप्रिल १८१८ रोजीं कर्नल आडम्स यानें दुसऱ्या बाजीरावांच्या फौजेची दाणादाण उडविली, हें येथील पुष्कळांस ऐकून ठाऊक आहे. पेशव्यांच्या तोफा येथेंच गेल्या. परंतु त्या फौजेंत लढण्याची उमेद कां उरली नव्हती, हें समजण्यास दोन महिने मागें, सोलापूरकडील अष्टी गांवीं जावें लागतें. तिचा सेनापति तेथें पडला होता.

नरहर गणेश ऊर्फ बापू गोखले यांस सरदारी मिळाली ती चुलत्याच्या मृत्यूनें. धोंडोपंत गोखले १८०० सालीं धोंडजी वाघाशीं लढतांना कर्नाटकांत पडले. त्याच सालीं वाघाचा पाठलाग करणाऱ्या आर्थर वेलस्लीबरोबर बापू होते. १८०३ मध्यें शिंदे-भोसल्यांवरील स्वारींतही त्यांचें पथक इंग्रजांच्याच बाजूस होतें. पुढें पेशव्यांच्या हुकुमानें त्यांनीं पंतप्रतिनिधींस मोडिलें व ताई तेलिणीनें झुंजविलेला वासोटा घेतला. स्तुतिपाठकांस हीं प्रकरणें अडचणीचीं वाटतात. आम्ही वकिली करितों. सोयीची साक्ष तेवढी पुढें करून बाकीची दडविणारे पक्षकार आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. मराठ्यांनीं मराठ्यांवर शस्त्र धरिलें व परक्यानें त्यांत पाय रोविला, या पापांत बापूंचाही वांटा आहे. १८०२ च्या वसईच्या तहानें धन्यानेंच हात बांधून दिले होते, एवढें त्यांच्या बाजूनें म्हणतां येईल.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस बापूंनीं इंग्रजांवर घोडदळ सोडिलें. घोडे दलदलींत रुतले व हल्ला फसला. बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. बारा दिवसांत पुणें गेलें. मग रोजची कूच. पुढें पेशवे, मागें जनरल स्मिथ, आणि पिछाडीस बापू.

२० फेब्रुवारी १८१८ रोजीं अष्टीस स्मिथनें गांठलें. पेशव्यांस निसटण्यास अवधि मिळावा म्हणून बापू थोड्या स्वारांनिशीं इंग्रज रिसाल्यावर तुटून पडले. स्मिथच्या डोक्यास जखम झाली. बापू रणांत पडले. त्याच दिवशीं छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं लागले.

ज्यांच्यासाठीं हें झालें, ते बाजीराव नागपूरकर भोसल्यांच्या आशेनें आमच्या मुलुखांत आले, पांढरकवड्यास हरले, आणि ३ जून १८१८ रोजीं माल्कमच्या स्वाधीन झाले. सालीना आठ लाखांच्या नेमणुकीवर ते ब्रह्मावर्तास १८५१ पर्यंत राहिले.