स्टिअरिंगवरचा गिअर आणि वालचंदांची मोटार

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी कायमची हद्दपार झाली. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २००३ च्या ऑक्टोबरमध्ये झाली होती आणि टॅक्सीला घालून दिलेली वीस वर्षांची मुदत त्या दिवशी संपली. निरोपाच्या बातम्यांत काळ्या-पिवळ्या रंगाचे कौतुक झाले, टपावरच्या कॅरिअरचे झाले, आसनांवरच्या रंगीबेरंगी कापडाचेही झाले. या गाडीच्या ज्या अवयवाने चालकांच्या किमान दोन पिढ्यांचा डावा हात घडवला, त्या स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअरची आठवण मात्र फारशी कोणी काढली नाही. ही मोटार ज्यांच्या जिद्दीतून या भूमीत उभी राहिली, त्या शेठ वालचंद हिराचंद यांचे नावही ओझरतेच आले.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. सौराष्ट्रातून येऊन सोलापुरात स्थिरावलेले दोशी हे जैन घराणे सावकारी आणि कापसाच्या व्यापारात होते. वडील हिराचंद नेमचंद हे समाजसुधारक म्हणून ओळखले जात. वालचंद लहान असतानाच आई गेली. शिक्षणासाठी ते मुंबईला गेले, पण घरच्या पेढीने त्यांना परत बोलावले. त्या पेढीत त्यांचे मन रमले नाही आणि कापसाच्या व्यवहारात हातही पोळले. दुसऱ्याने पिकवलेला माल तिसऱ्याला विकण्यापेक्षा स्वतः काही उभारावे, ही ओढ त्यांच्या ठायी तेव्हापासूनच दिसते.

ही संधी लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या रूपाने आली. रेल्वेत कारकुनी केलेल्या फाटकांना कंत्राटाच्या कामातील खाचाखोचा ठाऊक होत्या, वालचंदांकडे भांडवल आणि धाडस होते. बार्शी लाइट रेल्वे या अरुंद मार्गावरील कामाने दोघांच्या भागीदारीचा श्रीगणेशा झाला. पुढे बोरघाटातील बोगदे आणि मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीसारखी मोठी कामे त्यांच्या हातून झाली. सोलापूरच्या व्यापाऱ्याचा मुलगा डोंगर पोखरू शकतो, हे मुंबईतील इंग्रज कंत्राटदारांना पचायला थोडा वेळ लागला.

जहाजांची कथा अधिक परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात. पहिल्या महायुद्धात रुग्णनौका म्हणून वापरलेले ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सिंदिया कंपनीला बुडवण्यासाठी ब्रिटिश कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडले. १९२३ च्या कराराने सिंदियाचे क्षेत्र आखडले गेले, पण कंपनी टिकली.

खान्देशच्या उंबरठ्यावरही वालचंदांची एक खूण आहे. मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे त्यांनी ओसाड जमीन घेऊन ऊस लावला आणि १९३० च्या दशकात तेथे साखर कारखाना उभा केला. मालेगाव पूर्वी खान्देशातच मोडत असे. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडे गेले. मालेगावातून निघालेला आग्रा रस्ता धुळ्याला पोहोचतो. याच भागातून वाहत जाणारी गिरणा पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. रावळगावच्या गोळ्या तर धुळे-जळगावच्या वाण्यांच्या बरण्यांत अनेक दशके होत्या. त्या चघळणाऱ्या मुलांना आणि दारातून जाणाऱ्या फियाटला एकच जन्मदाता आहे, हे कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

मोटारीचे स्वप्न मात्र अवघड ठरले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना आखली होती आणि वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अनुकूलता दाखवली. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जुळली आणि १९४० मध्ये करार झाला. तोवर महायुद्ध सुरू होऊन खेर मंत्रिमंडळ पायउतार झाले होते. मोटार कारखान्याला युद्धोपयोगी उद्योगाचा दर्जा देण्यास भारत सरकार तयार झाले नाही. ज्या युद्धात वाहनांची गरज सर्वांत अधिक होती, त्याच युद्धाचे कारण सांगून वाहनांचा कारखाना अडवला गेला. हा अडथळा निव्वळ प्रशासकीय होता असे म्हणणे कठीण आहे. भारत मोटारींची बाजारपेठ म्हणून हवा होता, कारखाना म्हणून नव्हे.

या अमेरिकावारीतून एक भलतेच फळ मिळाले. परतीच्या विमानात वालचंदांची गाठ चीनमध्ये विमान कारखाना चालवणाऱ्या विल्यम पॉली यांच्याशी पडली. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाची योजना घेऊन परतला. म्हैसूर संस्थानाच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. जहाजबांधणीचेही तसेच झाले. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते गोदीची कोनशिला बसली, १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तेथे ‘जलउषा’चे जलावतरण केले आणि १९५२ मध्ये गोदीची सूत्रे सरकारकडे गेली. वालचंदांनी रोवलेली रोपे मोठी झाली, पण सावली दुसऱ्याच्या अंगणात पडली. मोटार तेवढी घराण्याकडे राहिली.

प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या मोटारी बाहेर पडल्या. त्या क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ या घराण्यांतील होत्या. आपल्या कथेतील गिअर येथे प्रथम भेटतो. वालचंद अमेरिकेत होते त्याच सुमारास तेथील कारखान्यांनी गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या खांबावर नेण्याची टूम काढली होती. पुढची जागा मोकळी झाली, सलग बाक बसवता आला आणि पुढे तिघे ऐसपैस बसू लागले. १९५० च्या सुमारास प्रीमिअरने इटलीच्या फियाटशी संधान बांधले. फियाटची ११०० या मालिकेतील मोटारही तोवर स्टिअरिंगवरच्या गिअरची झाली होती.

या व्यवस्थेचे कौतुक जेवढे, तेवढीच तिची दुखणी. जमिनीवरचा दांडा गिअरबॉक्सच्या अगदी डोक्यावर असतो. स्टिअरिंगवरच्या दांड्याला मात्र हाताचा इशारा खांबालगतच्या नळीतून इंजिनाच्या बाजूला, तेथून सळया आणि कोपरकाट्यांमधून वळत वळत गिअरबॉक्सपर्यंत न्यावा लागतो. प्रत्येक सांध्यात बुश असतो आणि प्रत्येक बुश झिजतो. एकेका सांध्यातील किंचित ढिलाई दांड्याच्या टोकाशी इतकी वाढते, की दुसरा गिअर टाकावा आणि चौथा पडावा. कधी दोन सळया एकमेकींत अडकून गिअर मध्येच बसे. मग चालकाने उतरायचे, बॉनेट उघडायचे, सळई हाताने मोकळी करायची आणि मागच्या भोंग्यांकडे दुर्लक्ष करून पुन्हा बसायचे. मुंबईच्या चौकांत हे दृश्य नवलाचे नव्हते. त्यातच पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दोन चाकांचा वेग जुळवून मग त्यांना गुंतवणारी कडी, नव्हती. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकला की दात करकरत.

मार्च १९५३ मध्ये जीनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने नवी ११०० मांडली. पद्मिनीची पूर्वज ती हीच. वालचंद तेव्हा अंथरुणाला खिळले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता आणि १९५० मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत त्यांच्या सेवेत होत्या.

पुढचा कारभार बंधू लालचंद हिराचंद यांनी पाहिला. केवळ सुटे भाग जोडून मोटारी विकणाऱ्यांना सरकारने दार दाखवले, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी भारतातून गाशा गुंडाळला आणि येथेच भाग बनवण्याची तयारी असलेल्या प्रीमिअरचा मार्ग मोकळा झाला. वालचंदांनी मागितलेले संरक्षण असे त्यांच्या पश्चात मिळाले. पण त्याची दुसरी बाजूही होती. परवान्यांच्या राज्यात ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहत असे. जी वस्तू बनण्याआधीच विकली गेली आहे, ती सुधारण्याची घाई कोण करणार? फियाट ११०० ची डिलाइट झाली, १९७२ मध्ये प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली. गिअर स्टिअरिंगवरच राहिला. अमेरिकेने आणि इटलीने ही टूम सोडून दिली, तरी कुर्ल्यात ती चालूच होती. हा दोष वालचंदांच्या माथी मारता येत नाही, पण त्यांनी लढून मिळवू पाहिलेल्या संरक्षणाच्या हिशेबातून तो वगळताही येत नाही.

कारखान्याने जे केले नाही ते गॅरेजवाल्यांनी केले. जुहूच्या आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्ट्यांवर मोटारींच्या शर्यती होत. शर्यतीत उतरणाऱ्यांना हाताचा आणि गिअरबॉक्सचा संवाद थेट हवा असतो. खांबावरच्या सळया काढून टाकणे, जमिनीला भोक पाडणे आणि गिअरबॉक्सवर सरळ दांडा बसवणे ही शौकिनांची पहिली सुधारणा ठरली. बाजारात तयार संच नसताना हे काम मिस्त्रीच्या अंदाजावर आणि लेथवरच्या कारागिरीवर चाले. धुळे-जळगावसारख्या, महामार्गावरील वाहनांच्या दुरुस्तीवर पोसलेल्या शहरांतील कसबी मिस्त्रींना यातले गणित कोणी शिकवावे लागत नाही.

गणित असे. दांड्याचा टेकू जेथे असतो त्याच्या वरचा भाग तीस सेंटिमीटर आणि खालचा पाच सेंटिमीटर असेल, तर खालचे टोक एक सेंटिमीटर सरकवण्यासाठी हाताला सहा सेंटिमीटर जावे लागते. टेकू अडीच सेंटिमीटर वर उचलला, की वरचा भाग साडेसत्तावीस आणि खालचा साडेसात होतो. हाताचा प्रवास सहावरून पावणेचार सेंटिमीटरांच्या आत येतो. गिअर झटकन पडतो, पण जोर दीडपटीहून अधिक लागतो. शिवाय सिंक्रोमेशची पितळी कडी आपला वेळ घेतेच. हात तिच्यापेक्षा घाई करू लागला, तर ती लवकर झिजते. म्हणून जाणता मिस्त्री आधी बुश बदलतो, मगच दांड्याला हात घालतो. शर्यतीतील नवशिक्यांना हे पटत नाही आणि गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च सोसल्यावर पटते.

कंपनीला जाग आली ती १९८५ मध्ये. मारुती बाजारात उतरल्यावर प्रीमिअरने ११८-एनई ही मोटार आणली. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स निस्सानच्या धाटणीचे होते आणि गिअर जमिनीवर होता. अनेक हौशी चालकांनी ही गाडी रॅलीत उतरवली. पद्मिनीला मात्र जमिनीवरचा गिअर मिळाला तो १९९० च्या दशकाच्या अगदी शेवटी, उत्पादन थांबण्याच्या जेमतेम दोन-तीन वर्षे आधी. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानांत गेले होते. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर नंतर निवासी इमारती आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या.

जुन्या पद्मिनी जतन करणाऱ्यांत आज दोन तट आहेत. जोमाने गाडी पळवू पाहणारे खांबावरचा दांडा काढून जमिनीवरचा बसवतात. मूळ रूप राखू पाहणारे उलटा खटाटोप करतात. कोणीतरी तीस वर्षांपूर्वी पाडलेले जमिनीतील भोक ते पत्रा जोडून बुजवतात आणि खांबावरच्या सळयांसाठी लेथवर नवे बुश वळवून घेतात.