आवाजाला आकड्यांचे रूप देणारा अभियंता : ॲलेक रीव्ह्ज

टेलिफोनचा विषय निघाला की अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे नाव आपोआप ओठांवर येते. ते योग्यही आहे. मात्र बेल यांच्या टेलिफोनच्या तारेतून जे वाहत होते, ते आज आपल्या फोनमधून वाहत नाही. बेल यांच्या यंत्रात आवाजाच्या चढउताराबरहुकूम कमीअधिक होणारा विद्युतप्रवाह तारेतून जात असे. आज आपण बोलतो तेव्हा पलीकडे पोहोचतात ते केवळ शून्य आणि एक. आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करण्याचे काम डिजिटल फोनमध्ये एक इवलीशी चिप करते. तिला कोडेक म्हणतात. या साऱ्याचे मूळ ज्या कल्पनेत आहे, ती १९३७ साली पॅरिसमध्ये एका इंग्रज अभियंत्याला सुचली. दूरसंचाराच्या पाठ्यपुस्तकांतून आदराने घेतले जाणारे ते नाव म्हणजे ॲलेक हार्ले रीव्ह्ज.

नकाशांच्या घरातला मुलगा

रीव्ह्ज यांचा जन्म १० मार्च १९०२ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या रेडहिल येथे झाला. वडील एडवर्ड रीव्ह्ज हे लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत नकाशांचे अभिरक्षक होते आणि भूमापनाचे शिक्षणही देत असत. दूरदेशी निघालेल्या प्रवाशांना अंतर आणि दिशा अचूक मोजायला शिकविणाऱ्या या घरात मोजमापाची शिस्त ॲलेक यांना लहानपणापासून लाभली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजशी संलग्न असलेल्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२३ मध्ये ते इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत दाखल झाले. पुढे १९२५ मध्ये ही कंपनी अमेरिकेतील इंटरनॅशनल टेलिफोन अँड टेलिग्राफ या उद्योगसमूहाने विकत घेतली.

तो काळ अटलांटिक महासागरापलीकडे माणसाचा आवाज पोहोचविण्याच्या धडपडीचा होता. जानेवारी १९२७ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान रेडिओ लहरींवरून सार्वजनिक टेलिफोन सेवा सुरू झाली, तेव्हा तीन मिनिटांच्या संभाषणाला १५ पौंड मोजावे लागत. या सेवेसाठी राबलेल्या अभियंत्यांत तरुण रीव्ह्जही होते. त्यानंतर कंपनीच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली.

आवाजासोबत वाढणारी खरखर

पॅरिसमध्ये रीव्ह्ज यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो साऱ्या जगातील टेलिफोन अभियंत्यांना छळत होता. तारेतून वा रेडिओ लहरींतून दूरवर जाताना आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी त्याची शक्ती वाढवावी लागते. परंतु वाटेत त्यात जी खरखर मिसळलेली असते, तीही प्रत्येक टप्प्यावर तितकीच वाढते. अंतर जितके अधिक, तितका आवाज गढूळ. आपल्याकडे ट्रंक कॉल बुक करून तासन् तास वाट पाहिलेल्या आणि लाइन मिळाल्यावर घसा ताणून बोललेल्या पिढीला या प्रश्नाचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

खरखर कमी कशी करावी, याच दिशेने बहुतेकांचे प्रयत्न चालले होते. रीव्ह्ज यांनी प्रश्नच फिरवला. खरखर मिसळली तरी बिघडणार नाही, असे आवाजाला कोणते रूप देता येईल, याचा विचार त्यांनी केला. उत्तर त्यांना तारायंत्राच्या जुन्या तत्त्वात सापडले. तारायंत्रात संकेत आहे किंवा नाही, एवढेच ओळखायचे असते. संकेत थोडा विस्कटला तरी तो ओळखता येतो आणि पुढच्या टप्प्यावर नव्याने, स्वच्छ पाठविता येतो.

आवाजाचे असे करायचे तर त्याचे आकडे करावे लागणार. त्यासाठी ठराविक, अत्यंत सूक्ष्म कालांतराने आवाजाची पातळी मोजायची, त्या मापाला एक क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक आहे-नाही अशा स्पंदांच्या ओळीने धाडायचा. पलीकडे ते क्रमांक जुळवून मूळ आवाज पुन्हा उभा करायचा. या पद्धतीला पुढे पल्स कोड मॉड्युलेशन, म्हणजेच पीसीएम, असे नाव रूढ झाले. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये, १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये या शोधाच्या पेटंटसाठी अर्ज झाले. अमेरिकेतील पेटंट फेब्रुवारी १९४२ मध्ये मंजूर झाले.

कल्पना बिनतोड होती, पण ती अमलात आणण्याची साधने जन्माला यायची होती. सेकंदाला हजारो वेळा मापे घेऊन त्यांचे आकडे करण्याचे काम त्या काळातील निर्वात नळ्यांवर सोपवायचे, तर एका संभाषणासाठी मोठमोठी कपाटे भरतील एवढी यंत्रसामग्री लागली असती. शोधकर्त्यालाही याची पूर्ण जाणीव होती.

विवेकबुद्धी आणि युद्ध

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि रीव्ह्ज मायदेशी परतले. ते शांततावादी वृत्तीचे होते. माणसे मारणाऱ्या शस्त्रांच्या निर्मितीत भाग घेणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. तरीही ब्रिटनच्या दूरसंचार संशोधन केंद्रात एफ. ई. जोन्स यांच्यासह त्यांनी जे साधन घडविले, ते बॉम्बफेकीसाठीच होते. बॉम्ब नेमक्या लक्ष्यावर पडला तर निरपराध नागरिकांचे प्राण वाचतील, या विचाराने त्यांनी मनाची समजूत घातली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

या साधनाचे नाव ओबो. वैमानिकाला ऐकू येणारा त्याचा सूर ओबो या पाश्चात्त्य वाद्यासारखा होता, म्हणून हे नाव पडले. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील दोन केंद्रांतून विमानाकडे रेडिओ स्पंद सोडले जात आणि विमानातील उपकरण ते परत पाठवी. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून विमानाचे अंतर काढले जाई. एक केंद्र विमानाला ठरलेल्या वक्र मार्गावर ठेवी, तर दुसरे बॉम्ब सोडण्याचा क्षण कळवी. अंधारात आणि दाट ढगांतही शेकडो किलोमीटर दूरचे लक्ष्य सुमारे शंभर मीटरच्या अचूकतेने गाठता येऊ लागले. डिसेंबर १९४२ मध्ये नेदरलँड्समधील लुटेराडे येथील वीज केंद्रावर ओबोचा प्रथम वापर झाला.

युद्धाने मात्र या अचूकतेचा उपयोग स्वतःच्या रीतीने करून घेतला. एका वेळी अगदी मोजक्या विमानांनाच ओबो मार्गदर्शन करू शकत असे. त्यामुळे उंचावरून उडणारी मॉस्किटो विमाने ओबोच्या आधाराने लक्ष्यावर रंगीत प्रकाशखुणा टाकीत आणि मागून येणारी शेकडो अवजड विमाने त्या खुणांवर बॉम्बचा वर्षाव करीत. मार्च १९४३ मध्ये एसेनपासून सुरू झालेल्या या सत्रात जर्मनीच्या रूर प्रदेशातील शहरे उद्ध्वस्त झाली, हजारो नागरिक मृत्युमुखी पडले. नागरिकांना वाचवील म्हणून स्वीकारलेले साधन त्यांच्याच शहरांवर खुणा करण्यासाठी वापरले गेले.

याच कथेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. एप्रिल १९४५ च्या अखेरीस नेदरलँड्समधील लक्षावधी लोक उपासमारीने गांजले होते. त्यांच्यासाठी ब्रिटिश विमानांनी अन्नधान्याच्या गोणी खाली टाकल्या, तेव्हा त्या जागांवर खुणा करणारी मॉस्किटो विमानेही ओबोचाच आधार घेत होती. तेच यंत्र, तेच तंत्र. हेतू मात्र वेगळा. विज्ञान वापरणाऱ्याच्या हाती गेल्यावर शोधकर्त्याचा त्यावर किती अधिकार उरतो, हा प्रश्न रीव्ह्ज यांच्या चरित्रात असा उघडपणे समोर येतो.

उशिरा उगवलेले बीज

युद्धकाळातच पीसीएमचा पहिला प्रत्यक्ष वापर अमेरिकेत झाला. नेत्यांची गुप्त संभाषणे शत्रूला कळू नयेत म्हणून बेल प्रयोगशाळेने सिगसाली नावाची यंत्रणा उभारली. तिच्या एका केंद्राचे वजनच सुमारे ५० टन होते. १९४३ मध्ये वॉशिंग्टन आणि लंडन यांच्या दरम्यान ती सुरू झाली. आपण ज्या तत्त्वापर्यंत पोहोचलो आहोत, ते रीव्ह्ज यांनी आधीच मांडून ठेवले आहे, हे तिच्या निर्मात्यांना नंतर उमगले.

१९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि रीव्ह्ज यांच्या कल्पनेचा मार्ग मोकळा झाला. १९६२ मध्ये अमेरिकेत दोन तारांच्या दोन जोड्यांवरून एकाच वेळी २४ संभाषणे वाहून नेणारी पीसीएम यंत्रणा व्यावसायिक सेवेत आली. पण अमेरिकेतील पेटंटची १७ वर्षांची मुदत १९५९ मध्येच संपली होती. जगातील बहुतेक संभाषणांना ज्या शोधाने नवे रूप दिले, त्यातून भरघोस मोबदला मिळण्याची वेळ आली तेव्हा पेटंटचा हक्कच उरला नव्हता. दहा-पंधरा वर्षे आधी सुचणे ही शोधकर्त्याच्या दृष्टीने कधी कधी आपत्तीच ठरते.

१९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या समितीने जी ७११ हे मानक ठरविले. त्यानुसार आवाजाची सेकंदाला ८,००० मापे घेतली जातात आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहिले जाते, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. हळू आवाजासाठी मापाच्या पायऱ्या बारीक आणि मोठ्या आवाजासाठी मोठ्या ठेवल्या जातात. त्यामुळे कुजबुजही स्पष्ट राहते. या पायऱ्यांची युरोप व भारतात वापरली जाणारी पद्धत ए-लॉ, तर अमेरिका आणि जपानची म्यू-लॉ. भारतात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने देशी डिजिटल एक्स्चेंज घडविली, तीही याच पायावर.

टेबलावरचा कोडेक

रीव्ह्ज यांना ज्यासाठी खोलीभर यंत्रे लागली असती, ते काम आज नखाएवढी चिप करते. नवा फोन बनविणारा अभियंता ही चिप प्रथम इव्हॅल्युएशन बोर्डवर, म्हणजे चिपच्या उत्पादकाने चाचणीसाठी तयार केलेल्या पट्टीवर, पारखून घेतो. तिला टेलिफोनचा हँडसेट जोडतात, मायक्रोफोनला आवश्यक तो विद्युतदाब देतात, सेकंदाला ८,००० ठोके देणारे घड्याळ जुळवतात. मग बोलण्याची आणि ऐकण्याची पातळी वेगवेगळी ठरवली जाते. बोलणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज किंचित परत यावा लागतो. तो मुळीच आला नाही तर फोन बंद पडल्यासारखा वाटतो आणि अधिक आला तर माणूस नकळत हळू बोलू लागतो.

त्यानंतरची कसोटी अशी की, चिपने तयार केलेले आकडे दुसरीकडे न धाडता त्याच चिपला परत द्यायचे. मायक्रोफोनमध्ये उच्चारलेला शब्द आकड्यांचा प्रवास करून कानात जसाच्या तसा उमटला, तर जोडणी बरोबर. एका बाजूस ए-लॉ आणि दुसऱ्या बाजूस म्यू-लॉ असेल, तर आवाज कर्कश आणि विकृत होतो. आकड्यांची ओळ एका बिटाने सरकली तरी नुसता गोंगाट ऐकू येतो. आकड्यांत बांधलेला आवाज वाटेतली खरखर सहन करतो, पण दोन टोकांमधला बेबनाव सहन करीत नाही. मोबाइलचे कोडेक हेच आकडे आणखी आवळून घेतात. जीएसएमच्या मूळ पद्धतीत ६४ हजारांऐवजी सेकंदाला १३ हजार बिटच पुरत. पण त्याआधी आवाजाचे आकडे करावेच लागतात.

प्रकाशाच्या वाटेवर

युद्धानंतर रीव्ह्ज इंग्लंडमधील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये संशोधनाचे नेतृत्व करीत राहिले. आकड्यांत रूपांतरित झालेली असंख्य संभाषणे वाहून नेण्यास तांब्याच्या तारा पुरणार नाहीत, प्रकाशाचाच आधार घ्यावा लागेल, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये काचेच्या तंतूतून संदेशवहन शक्य असल्याचे दाखवून दिले. काओ यांना त्यासाठी २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

रीव्ह्ज यांच्या वाट्याला एवढा मोठा सन्मान आला नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना स्टुअर्ट बॅलेंटाइन पदक दिले, १९६९ मध्ये ब्रिटिश सरकारने सीबीई किताब दिला. त्याच वर्षी ब्रिटिश टपाल खात्याने पल्स कोड मॉड्युलेशनवर टपाल तिकीट काढले. स्वतः रीव्ह्ज मात्र फावला वेळ तरुणांना प्रोत्साहन देण्यात आणि तुरुंगातून आलेल्यांचे पुनर्वसन करण्यात घालवीत. १३ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. जी ७११ मानक त्यानंतरच्या वर्षी आले. म्हणजे आपल्या कल्पनेवर अधिकृत जागतिक शिक्कामोर्तब झालेले पाहणेही त्यांच्या नशिबी नव्हते.

आज परदेशी असलेल्या मुलाचा आवाज आईला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येतो. घसा ताणून ओरडावे लागत नाही, की तेच वाक्य तीनतीनदा सांगावे लागत नाही. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे कुणी माणूस असेल असे मनातही येत नाही. तो माणूस होता, आणि त्याचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे.