कॉर्नेलिया सोराबजी

कॉर्नेलिया सोराबजी (१५ नोव्हेंबर १८६६ – ६ जुलै १९५४) या भारतातील आद्य स्त्री-वकिलांपैकी एक व इंग्रजी लेखिका होत्या. घरातील कर्त्या पुरुषाच्या निधनानंतर मालमत्तेच्या वादात सापडलेल्या पडदानशीन स्त्रियांना व अज्ञान वारसांना कायद्याचे साहाय्य मिळवून देणे, हे त्यांचे मुख्य कार्य होय.

जन्म व शिक्षण

त्यांचा जन्म नाशिक येथे पारशी-ख्रिस्ती कुटुंबात झाला. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालविल्या. डेक्कन कॉलेजात शिकून कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. स्त्री असल्यामुळे इंग्लंडमधील शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारण्यात आली. हितचिंतकांनी वर्गणी जमविल्यावर १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. मात्र स्त्रियांना पदवी देण्याची तेथे प्रथा नसल्याने त्यांना ती १९२२ मध्ये मिळाली.

पडदानशीन स्त्रियांसाठी कार्य

बंगालमधील दायभाग पद्धतीनुसार, पुत्र नसल्यास मृत पतीची मालमत्ता विधवेकडे हयातीपुरती येत असे. परंतु पडद्याच्या रूढीमुळे तिला परपुरुषाशी, म्हणजेच वकिलाशी, समोरासमोर बोलता येत नसे. त्यामुळे न वाचलेल्या, न समजलेल्या कागदांवर कारभारी व नातलग तिची संमती घेऊ शकत. अशा स्त्रीने करून दिलेला दस्तऐवज तिला समजला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रिव्ही कौन्सिलने दस्तऐवजाचा लाभ घेणाऱ्यावर टाकली होती. तथापि प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले तरच या संरक्षणाचा उपयोग होई.

ही अडचण ओळखून, जनानखान्यात जाऊ शकणारी स्त्री-सल्लागार नेमावी, अशी मागणी सोराबजी यांनी १९०२ पासून सरकारकडे लावून धरली. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारसांच्या व कारभार पाहण्यास असमर्थ ठरविलेल्या स्त्री-मालकांच्या जमीनदाऱ्यांची व्यवस्था हे खाते पाही. पुढे बिहार, ओरिसा व आसामपर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र विस्तारले. वाड्यांत जाऊन विधवांचे म्हणणे ऐकणे, पोटगीची व्यवस्था लावणे, भाऊबंदांशी तडजोड घडविणे आणि अज्ञान वारसांच्या शिक्षणाची काळजी घेणे, अशी कामे त्यांनी केली. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया व मुलांना त्यांचे साहाय्य लाभले. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ई-हिंद पदक मिळाले.

वकिलीची सनद

मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. व अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्यांना सनद नाकारण्यात आली. अखेर १९२१ मध्ये अलाहाबादला त्यांची नोंदणी झाली. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीची मोकळीक मिळाल्यावर त्यांनी कलकत्त्यास वकिली केली.

राजकीय मते व अखेर

ब्रिटिश राजवटीचे समर्थन आणि महात्मा गांधींच्या चळवळीला विरोध यांमुळे राष्ट्रीय वर्तुळात त्यांच्यावर टीका झाली. ‘इंडिया कॉलिंग’ हे त्यांचे आत्मचरित्र १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तरायुष्यात त्या लंडनला राहिल्या व तेथेच त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये लंडनच्या लिंकन्स इन येथे त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला.