बॉईलच्या नियमामागची माणसं

तापमान स्थिर ठेवून वायूवरचा दाब वाढवला की त्याचं आकारमान कमी होतं. अकरावीला केमिस्ट्री घेतलेल्या प्रत्येकाने हा नियम घोकलाय, त्यावर मार्कही मिळवलेत. पण हा रॉबर्ट बॉईल नेमका कोण, असं विचारलं तर बहुतेकांची गाडी ‘सायंटिस्ट होता’ याच्या पुढे सरकत नाही. त्याची गोष्ट सुरू होते आयर्लंडमधल्या एका किल्ल्यात.

वॉटरफर्ड काउंटीत, ब्लॅकवॉटर नदीच्या काठावर उंचावर लिस्मोर कॅसल उभा आहे. बुरूज, झाडी, खाली संथ पाणी, सगळं परीकथेतल्यासारखं. पण आज पर्यटकांना दिसतं ते रूप बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं. डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकने पडझड झालेला हा किल्ला नव्याने बांधून काढला. मदतीला होता जोसेफ पॅक्स्टन, ज्याने पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभारला. किल्ला अजूनही ड्यूकच्या घराण्याकडेच आहे. आपल्यासारख्यांना बागा आणि पश्चिमेकडच्या भागातली आर्ट गॅलरी बघता येते.

ड्यूकच्या आधी हा किल्ला बॉईल घराण्याचा होता. रॉबर्टचे वडील रिचर्ड इंग्लंडहून जवळजवळ रिकाम्या हाताने आयर्लंडला आले होते. इंग्रज सत्तेने आयरिश सरदारांकडून हिसकावलेल्या जमिनी स्वस्तात मिळवत ते गडगंज झाले. लिस्मोरही त्यांनी १६०२ मध्ये वॉल्टर रॅलेकडून विकत घेतला. २५ जानेवारी १६२७ रोजी इथेच रॉबर्ट जन्मला. पंधरा भावंडांमधला चौदावा!

एवढी श्रीमंती, पण लाड शून्य. मुलं नाजूक होऊ नयेत म्हणून वडिलांनी त्याला तान्हेपणीच दाईच्या घरी ठेवलं. तीन वर्षांचा असताना आई गेली. सोबतच्या पोरांची नक्कल करता करता तो स्वतःच तोतरं बोलायला लागला आणि ते तोतरेपण कायम राहिलं. आठव्या वर्षी ईटनची शाळा, बाराव्या वर्षी शिक्षकासोबत युरोप.

तो युरोपात असतानाच, १६४१ मध्ये, आयर्लंडमध्ये उठाव झाला. ज्या जमिनींवर बॉईल कुटुंब मोठं झालं होतं, त्या गमावलेली माणसं आता पेटून उठली होती. लिस्मोरला वेढा पडला. घरून येणारे पैसे बंद झाले. वडील वारले. १६४४ मध्ये रॉबर्ट लंडनला पोचला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि खिसा रिकामा होता.

त्याला घरात घेतलं ते मोठ्या बहिणीने. कॅथरिन, म्हणजे लेडी रॅनेला, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. लग्न फसलेलं, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, पण जबरदस्त हुशार बाई. तिच्या घरी लेखक, विचारवंत, नवे प्रयोग करणारे लोक जमायचे. ती स्वतः औषधं बनवायची. राजकारण, धर्म, विज्ञान, सगळ्यावर तिचं मत असायचं आणि लोक ते ऐकायचे. रॉबर्टला विज्ञानाच्या या जगात आणण्यात तिचा वाटा फार मोठा.

पुढे ऑक्सफर्डला त्याला रॉबर्ट हूक नावाचा गरिबीतून आलेला, हाताने कमाल कुशल असा असिस्टंट मिळाला. १६५९ मध्ये हूकने त्याच्यासाठी हवा काढून घेणारा पंप बनवला. काचेच्या गोळ्यातून हवा काढली की मेणबत्ती विझते, पक्षी तडफडतो, घड्याळाची टिकटिक विरत जाते, हे सगळं बॉईलने बारकाईने लिहून ठेवलं. १६६२ मध्ये त्याने दाब आणि आकारमानाचे आकडे छापले. हवेच्या या वागण्याचा अंदाज रिचर्ड टाउनली आणि हेन्री पॉवर यांनाही आला होता. टाउनलीचं श्रेय बॉईलने स्वतःच नोंदवलंय. न जमलेल्या प्रयोगांवरही त्याने लिहिलं. जर्नलमध्ये रीडिंग ‘अॅडजस्ट’ करणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

या सगळ्याला पैसा कुठून येत होता? मुख्यतः आयर्लंडमधल्या जमिनींच्या उत्पन्नातून. राजेशाही परत आल्यावर आणखी जप्त मालमत्ता त्याच्या नावावर झाली. त्याने ती मागितली नव्हती, पण नाकारलीही नाही. मनाला टोचणी मात्र होती. त्यातला पैसा त्याने धर्मकार्यात घातला, आयरिश भाषेतलं बायबल छापायला मदत केली. तो काही वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांमध्येही होता, आणि नेमकी त्याच सुमारास मुंबई कंपनीच्या हातात आली होती. एखाद्या गोष्टीवर पुराव्याशिवाय विश्वास ठेवू नये, असं जगाला शिकवणारा हा माणूस स्वतःच्या श्रीमंतीची तेवढी कठोर तपासणी करू शकला नाही.

१६६८ पासून तो लंडनच्या पॉल मॉलमधल्या कॅथरिनच्या घरी राहायला आला. तिथेच त्याची लॅब होती. १६७० मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी काम चालू राहिलं. लग्न त्याने केलंच नाही. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद देऊ केलं गेलं, तेही नाकारलं. कॅथरिनला तर त्या सोसायटीचं साधं सदस्यही होता येत नव्हतं. तिथे पहिल्यांदा महिला निवडल्या गेल्या त्या थेट १९४५ मध्ये.

तेवीस वर्षं भाऊ-बहीण एका छपराखाली राहिले. २३ डिसेंबर १६९१ रोजी कॅथरिन गेली. आठवड्याभरात, ३१ डिसेंबरला, रॉबर्टही गेला. ज्या सेंट मार्टिन चर्चमध्ये त्याला पुरलं, ते नंतर पाडून नवं बांधलं गेलं आणि थडग्याचा माग उरला नाही. लिस्मोरला नवं रूप मिळालं, बॉईलचं नाव पुस्तकात पक्कं झालं. कॅथरिनचं स्वतंत्र, सविस्तर चरित्र यायला मात्र २०२१ साल उजाडावं लागलं.